कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (माहेरचे नाव : कमला भागवत, जन्म : इंदूर, १८ जून १९११, मृत्यू : २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ आणि प्राध्यापिका होत्या. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. वनस्पतींच्या श्वसनात भाग घेणाऱ्या सायटोक्रोम या रंगीत प्रथिनांवर त्यांनी तेथे संशोधन केले. प्रथिनाला एखादा लहान रेणू जोडला गेला किंवा त्याच्यातील लोहाची अवस्था बदलली की त्याने शोषलेला प्रकाश बदलतो, या तत्त्वावर त्या काळातील हे संशोधन उभे होते. भारतात परतल्यावर त्यांनी डाळी, कडधान्ये, नीरा आणि दूध या सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांचा अभ्यास केला. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या (इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) त्या संचालक होत्या. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

बालपण आणि कुटुंब

कमला भागवत यांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते व दोघांनीही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिक्षण घेतले होते. जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून १९०९ साली स्थापन झालेली ही संस्था त्या वेळी ‘टाटा इन्स्टिट्यूट’ याच नावाने ओळखली जाई. घरात विज्ञानाची पुस्तके होती, प्रयोगशाळेच्या गोष्टी होत्या आणि मुलींनी शिकावे याविषयी दुमत नव्हते. थोरल्या दुर्गाबाई पुढे लोकसाहित्य, समाजशास्त्र आणि ललित लेखन यांकडे वळल्या, कराड येथे १९७५ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. धाकट्या कमलाबाईंनी वडील आणि काका यांची वाट धरली.

मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या बी.एस्‌सी. झाल्या. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. वडील आणि काका जेथे शिकले तेथेच संशोधन करायचे असे त्यांनी ठरवले होते. गुण पाहता प्रवेशात अडचण येण्याचे काही कारण दिसत नव्हते.

बंगळूर येथील प्रवेशाचा प्रश्न

१९३३ सालीच सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय विज्ञान संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे हाती घेतली. हे पद भूषवणारे ते पहिले भारतीय होत. प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाल्यामुळे त्यांचा शब्द देशभर प्रमाण मानला जात होता. कमला भागवत यांचा अर्ज त्यांनी नाकारला. अर्जदार स्त्री आहे, एवढेच त्यामागचे कारण होते. संशोधनाची कामगिरी स्त्रियांना झेपणारी नाही, अशी त्यांची धारणा होती. वडिलांनी आणि काकांनी केलेल्या रदबदलीचाही उपयोग झाला नाही.

कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि त्यांनी संचालकांना कारणाचा जाब विचारला. प्रवेश मिळेपर्यंत त्यांच्या कार्यालयाबाहेर बसून राहण्याचा, म्हणजेच सत्याग्रहाचा मार्ग त्यांनी पत्करला. महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, तोही काही अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. ते परीक्षेचे वर्ष असणार होते. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागणार होते. त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, हीही एक अट होती.

अटी अपमानास्पद होत्या. नकार दिला असता तर संशोधनाचे दार बंद झाले असते, म्हणून कमलाबाईंनी त्या मान्य केल्या. वर्षअखेर त्यांच्या कामाविषयी रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित प्रवेश मिळाला. त्यानंतर संस्थेत स्त्रियांना प्रवेश देण्याबाबतचे धोरण सैल झाले. झालेल्या अन्यायाचा विसर मात्र कमलाबाईंना कधी पडला नाही. रामन हे थोर वैज्ञानिक असले तरी या बाबतीत त्यांचे मन कोते होते, असे मत त्यांनी उतारवयातही जाहीरपणे मांडले.

या प्रसंगाने सगळे अडथळे दूर झाले असे नाही. १९४० साली रामन यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या ॲना मणी यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर मोलाचे काम केले, तरीही एम.एस्‌सी. पदवी नसल्याच्या कारणावरून त्यांना पीएच.डी. नाकारण्यात आली.

बंगळूरमधील संशोधन

बंगळूरला एम. श्रीनिवासय्या हे कमलाबाईंचे मार्गदर्शक होते. ते कडक शिस्तीचे होते आणि शिकवण्यात उदार होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. डाळीतील सगळे नत्र प्रथिनांच्याच रूपात नसते. त्याचा काही भाग अमिनो आम्ले व इतर लहान रेणूंच्या रूपात असतो. अन्नपदार्थातील एकूण नत्र मोजून त्यावरून प्रथिनांचे प्रमाण काढण्याची पद्धत रूढ असल्यामुळे हा फरक महत्त्वाचा ठरतो. डाळींमधील या प्रथिनेतर नत्रावरील त्यांचा निबंध १९३५ साली ब्रिटनच्या ‘बायोकेमिकल जर्नल’ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३६ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना विशेष प्रावीण्यासह एम.एस्‌सी. पदवी दिली.

डाळ हे गरिबाच्या ताटातील प्रथिनांचे मुख्य साधन. या विषयाकडे त्या पुढे मुंबईत पुन्हा वळल्या.

केंब्रिज

१९३७ साली कमला भागवत इंग्लंडला गेल्या. केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि सर फ्रेडरिक गाउलँड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात काम सुरू केले. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी हॉपकिन्स यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या विभागात स्त्री संशोधकांना मोकळेपणाने काम करता येई, ही त्या काळी विरळा असलेली गोष्ट होती. असे असूनही खुद्द केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व देत नसे. ते त्यांना १९४८ साली मिळाले.

सुरुवातीला त्यांनी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले. प्राण्यांच्या ऊतींमध्ये ॲड्रेनॅलिनचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरांवर (एंझाइमांवर) या दोघांचा निबंध १९३८ साली प्रसिद्ध झाला. अमाइन ऑक्सिडेज या विकरावरील १९३९ च्या निबंधात हर्मान ब्लाश्को हेही सहलेखक होते. रिक्टर दुसरीकडे गेल्यानंतर कमलाबाई रॉबर्ट (रॉबिन) हिल यांच्याकडे आल्या. येथे त्यांच्या संशोधनाचा विषय वनस्पती हा झाला आणि वर्णपटदर्शक हे मुख्य उपकरण झाले.

पार्श्वभूमी : प्रकाश, प्रथिने आणि लहान रेणू

बहुतेक प्रथिने रंगहीन असतात. त्यांना एखादा लहान रेणू येऊन चिकटला तरी डोळ्यांना काही दिसत नाही. लोहयुक्त ‘हीम’ हा घटक असलेली प्रथिने याला अपवाद आहेत. हीममुळे त्यांना रंग येतो आणि हीममधील लोहाची अवस्था बदलली की तो रंगही बदलतो.

रक्तातील हिमोग्लोबिन हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. प्राणवायू जोडलेल्या हिमोग्लोबिनमधून पांढरा प्रकाश जाऊ दिला आणि तो लोलकातून पाहिला, तर वर्णपटाच्या पिवळ्या-हिरव्या भागात दोन काळे पट्टे दिसतात. प्राणवायू निघून गेला की दोन्ही पट्टे जाऊन त्यांच्या जागी एकच रुंद, अस्पष्ट पट्टा येतो. प्राणवायूचा रेणू स्वतः अदृश्य असतो. तो प्रथिनाला जोडला गेला की नाही हे मात्र या पट्ट्यांवरून क्षणात कळते. प्रथिन नष्ट करावे लागत नाही आणि वेगळे रसायनही टाकावे लागत नाही.

हिल यांनी याच गुणधर्माचा मोठ्या कौशल्याने उपयोग केला. पानांतून वेगळ्या काढलेल्या हरितकणांवर प्रकाश पडला असता प्राणवायू बाहेर पडतो का, हे त्यांना पाहायचे होते. प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प असणार होते. त्यांनी हरितकणांच्या मिश्रणात स्नायूंमधील हिमोग्लोबिन घातले. हे प्रथिन अगदी थोडा प्राणवायूही धरून ठेवते. पट्टे बदलले आणि प्राणवायू निर्माण होत असल्याचे सिद्ध झाले. १९३७ ते १९३९ या काळातील हे काम पुढे ‘हिल विक्रिया’ या नावाने प्रकाशसंश्लेषणाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेले.

सायटोक्रोमांचा इतिहासही अशाच पट्ट्यांचा आहे. १८८० च्या दशकात चार्ल्स मॅकमन या ब्रिटिश डॉक्टरांनी प्राण्यांच्या ऊतींमध्ये असे पट्टे पाहिले होते. जर्मनीतील विख्यात रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स होप-झायलर यांनी त्यांवर आक्षेप घेतल्यामुळे ते निरीक्षण विस्मरणात गेले. केंब्रिजमधील डेव्हिड कायलिन यांना १९२० च्या दशकात कीटकांच्या शरीरात आणि यीस्टमध्ये हेच पट्टे पुन्हा आढळले. यीस्टचे मिश्रण हवेत हलवले की पट्टे नाहीसे होत. स्थिर ठेवले की काही वेळाने परत उमटत. श्वसन चालू असताना पेशीतील एक रंगद्रव्य सतत ऑक्सिडीकृत आणि पुन्हा क्षपित होत आहे, असा याचा अर्थ होता. १९२५ साली कायलिन यांनी त्याला सायटोक्रोम, म्हणजे पेशीचा रंग, असे नाव दिले.

सायटोक्रोम एक नव्हे तर अनेक असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. त्यांतील सायटोक्रोम ‘सी’ क्षपित अवस्थेत असताना ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जवळ एक रेखीव पट्टा दाखवतो. तो स्वतः प्राणवायूला जोडला जात नाही. इलेक्ट्रॉन घेऊन पुढे देणे हे त्याचे काम. साखळीच्या शेवटी असलेले सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर प्राणवायूला पकडते. सायनाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड हे लहान रेणू या विकराला जोडले गेले की प्राणवायूची जागा अडते आणि श्वसन थांबते. कार्बन मोनॉक्साइडचा बंध तीव्र प्रकाशात तुटतो. कोणत्या तरंगलांबीच्या प्रकाशाने तो अधिक तुटतो हे मोजून जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी पेशीतून बाहेर न काढताच त्या विकराचे शोषणवर्णपट मिळवले. त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पतींच्या श्वसनावरील संशोधन

प्राणी आणि यीस्ट यांच्याबाबत हे चित्र स्पष्ट होत असताना वनस्पतींचा प्रश्न अनिर्णित होता. हिरव्या पानांमध्ये हरितद्रव्याचा रंग इतका गडद असतो की सायटोक्रोमाचे फिके पट्टे त्यात झाकले जातात. बटाट्यासारख्या हिरव्या नसलेल्या भागांत ही अडचण येत नाही. पण तेथे दुसरी येते. कापलेला बटाटा हवेत काळा पडतो. हे काम पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या वेगळ्याच विकराचे असते. वनस्पती प्राणवायू वापरतात तो मुख्यतः याच विकराच्या मार्फत, असे मत त्या काळी काही संशोधक मांडत होते. तसे असेल तर वनस्पती आणि प्राणी यांच्या श्वसनाची यंत्रणा मुळातच भिन्न ठरली असती.

सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या अस्तित्वाची परीक्षा तत्त्वतः सोपी आहे. क्षपित सायटोक्रोम ‘सी’ घेऊन त्यात वनस्पतीच्या ऊतीचा अर्क घालायचा. अर्कात ऑक्सिडेज असेल तर ५५० नॅनोमीटरजवळचा पट्टा फिका होत जातो. सायनाइड घातल्यावर हा बदल थांबला, तर विकर लोहयुक्त असल्याला दुजोरा मिळतो. प्रत्यक्षात हे काम चिकाटीचे असते. ऊती कुस्करली की आम्ले आणि टॅनिनसारखी द्रव्ये सुटतात आणि विकर निष्क्रिय होते. बटाट्याच्या अर्कात तर काळे पडण्याची विक्रिया निरीक्षणालाच बाधा आणते.

हिल आणि भागवत यांचे सपुष्प वनस्पतींमधील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरील टिपण १९३९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याच विषयावरील दोघांचा सविस्तर निबंध १९५१ साली ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ मध्ये आला. त्या वेळी कमलाबाई मुंबईत होत्या, पण निबंधावर नाव भागवत असेच होते.

वनस्पतींमधील सायटोक्रोम ‘सी’ चा शोध कमला सोहोनी यांनी लावला, असे लोकप्रिय लेखनात अनेकदा म्हटले जाते. उच्च वनस्पतींमध्ये सायटोक्रोम असल्याचे कायलिन यांनी १९२५ च्या निबंधातच नोंदवले होते. कमलाबाईंच्या कामाचे महत्त्व थोडे वेगळे आहे. सायटोक्रोम आणि त्याचे ऑक्सिडीकरण करणारे विकर ही जोडी वनस्पतींच्या ऊतींमध्येही कार्यरत असते, या निष्कर्षाला त्यांच्या संशोधनाने बळ दिले. बटाटा, प्राणी आणि यीस्ट यांच्या पेशी एकाच पद्धतीने प्राणवायू वापरतात, हे आज शालेय पाठ्यपुस्तकातील वाक्य आहे. त्या वेळी ते पुराव्याने सिद्ध करावे लागत होते.

या विषयावरील त्यांचा पीएच.डी. प्रबंध केवळ सुमारे ४० टंकलिखित पृष्ठांचा होता. केंब्रिजला आल्यापासून दीड वर्षाच्या आत त्यांनी तो पूर्ण केला. १९३९ साली त्यांना पदवी मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख केला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ साली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

भारतात पुनरागमन

परदेशात राहून संशोधन करण्याऐवजी देशात परतून काम करायचे असा कमलाबाईंचा निश्चय होता. १९३९ साली त्या परतल्या आणि नवी दिल्ली येथील लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. हे महाविद्यालय स्त्रियांसाठी होते. येथे अध्यापन होते, पण संशोधनाला फारसा वाव नव्हता.

पुढे त्या निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून रुजू झाल्या. ही प्रयोगशाळा पुढे १९५८ साली हैदराबादला हलवली गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुन्नूर येथे त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केले. १९४७ साली विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबई येथील कार्य

मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता. तेथे सोहोनी यांची प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल लोकांच्या रोजच्या खाण्यातील पदार्थ हा या विभागाच्या संशोधनाचा गाभा त्यांनी ठरवला. त्यांच्या हाताखाली अनेक विद्यार्थ्यांनी एम.एस्‌सी. आणि पीएच.डी. पदव्या मिळवल्या.

डाळी आणि कडधान्ये

कच्च्या कडधान्यांमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला जखडून ठेवणारी प्रथिने असतात. ती ट्रिप्सिनला घट्ट जोडली गेली की अन्नातील प्रथिनांचे पचन नीट होत नाही. अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास सोयाबीनमधून असे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा ट्रिप्सिनरोधकांवर सोहोनी यांनी सहकाऱ्यांसह केलेले संशोधन १९५४ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

वालामध्ये आणखी एक प्रकारची प्रथिने आढळतात. ती तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरील शर्करांना चिकटतात आणि पेशींच्या गुठळ्या बनवतात. वालातील या रक्तकणगोठक प्रथिनांवर सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६० च्या दशकात काम केले. कोकणात आणि मुंबईत वाल भिजवून, मोड आणून, सोलून आणि मग शिजवून बिरडे करण्याची रीत आहे. कडधान्य नीट शिजवल्यावर ही दोन्ही प्रकारची प्रथिने मोठ्या प्रमाणात निष्प्रभ होतात. स्वयंपाकघरातील जुन्या रीतीमागचे रसायन यातून उलगडले.

नीरा

ताड, माड आणि शिंदी या झाडांचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. तो सूर्योदयापूर्वी उतरवून थंड ठेवावा लागतो. ऊन लागले की आंबून त्याची ताडी होते. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाल्यावर ताडी उतरवणाऱ्यांच्या उपजीविकेसाठी नीरा आणि ताडगूळ हे पर्याय पुढे आले. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हाती घेतला. नीरेत ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांनी दाखवले. ताडगुळातही हे घटक टिकून राहतात, असे त्यांच्या कामातून दिसून आले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे या संशोधनात आढळले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आरे दूध प्रकल्प

मुंबई शहरातील गोठे बाहेर हलवून गोरेगाव येथे १९४९ साली आरे दूध वसाहत उभारण्यात आली. या प्रकल्पाच्या प्रशासनाला सोहोनी यांनी दुधाच्या गुणवत्तेविषयी सल्ला दिला. दूध नासू नये यासाठीची कार्यपद्धती त्यांनी तयार करून दिली. बंगळूरच्या प्रयोगशाळेत दुधातील प्रथिनांवर केलेला अभ्यास अशा रीतीने लाखो मुंबईकरांच्या सकाळच्या दुधाच्या बाटलीपर्यंत पोहोचला.

संचालकपद

विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठी ज्येष्ठता आणि कार्य या दोन्ही दृष्टींनी सोहोनी यांचा दावा भक्कम होता. तरीही त्यांची नियुक्ती चार वर्षे लांबली. स्त्री असल्यामुळेच हा विलंब झाला, असे सामान्यतः मानले जाते. अखेर त्यांची नियुक्ती झाली आणि एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांची गणना झाली. प्रवेशासाठी बंगळूरला कार्यालयाबाहेर बसावे लागल्याला तोवर बराच काळ लोटला होता. केंब्रिजची पदवी आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतील निबंध जमेस होते. तरीही आधीच्या नकारामागचे कारण पूर्णपणे हटले नव्हते.

ग्राहक चळवळ

१९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेत सोहोनी यांनी सक्रिय भाग घेतला. १९८२–८३ या वर्षासाठी त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. भेसळ आणि निकृष्ट अन्न यांचा सर्वाधिक फटका गरिबांना बसतो. त्यांच्या आहाराचे विश्लेषण करण्यात कमलाबाईंची सारी कारकीर्द गेली होती. निवृत्तीनंतरचे हे काम त्याच वाटेवरचे होते.

नंतरच्या काळातील संदर्भ

लहान रेणू प्रथिनाला जोडला जातो का, हे प्रकाशाच्या साहाय्याने ओळखण्याचे शास्त्र सोहोनी यांच्या केंब्रिजमधील दिवसांनंतर फार पुढे गेले. हीमयुक्त प्रथिने स्वतःच रंगीत असल्यामुळे त्यांच्या बाबतीत साधा वर्णपटदर्शक पुरत असे. रंगहीन प्रथिनांसाठी वेगळी युक्ती लागते. सोन्याच्या अतिशय पातळ थरावर प्रथिन बसवतात आणि काचेच्या बाजूने त्या थरावर प्रकाश टाकतात. ठराविक कोनात परावर्तित प्रकाश अतिशय क्षीण होतो. प्रथिनाला दुसरा रेणू जोडला गेला की पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि तो कोन सरकतो. या परिणामाला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन म्हणतात. तो निर्माण करण्याच्या सोयीस्कर पद्धती १९६८ साली जर्मनीत दाखवल्या गेल्या. जैविक रेणूंसाठी त्याचा पहिला उपयोग १९८३ साली स्वीडनमध्ये झाला आणि १९९० साली तशी उपकरणे बाजारात आली. जोडला जाणारा रेणू जितका लहान तितका कोनातील बदल सूक्ष्म असतो, त्यामुळे औषधांसारख्या लहान रेणूंचे मापन सर्वांत अवघड ठरते.

सायटोक्रोम ‘सी’ हे प्रथिन पेशीतही एका पृष्ठभागाशी निगडित असते. तंतुकणिकेच्या आतील पटलाच्या बाहेरील बाजूला ते सैलसर चिकटलेले असते. त्यामुळे पृष्ठभागावरील प्रथिनांच्या अभ्यासात ते आजही नमुना म्हणून वापरले जाते. चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावरील रेणूंचे रामन वर्णपट कित्येक पटींनी तीव्र होतात, हे १९७० च्या दशकात लक्षात आले आणि त्यानंतर या प्रथिनाचा अभ्यास त्या पद्धतीनेही होऊ लागला. रामन यांनी १९२८ साली शोधलेला परिणाम आणि कमला भागवत यांनी अभ्यासलेले प्रथिन अशा रीतीने एकाच प्रयोगात एकत्र आले.

मृत्यू आणि स्मृती

उतारवयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्ली येथे सोहोनी यांचा सत्कार आयोजित केला. या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीतच, २८ जून १९९८ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हयातीत सोहोनी यांचे नाव मुख्यतः जीवरसायनशास्त्राच्या वर्तुळातच परिचित होते. भारतीय स्त्री वैज्ञानिकांच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष वळल्यानंतर त्यांच्या चरित्राची नव्याने दखल घेतली गेली. त्यांच्या ११२ व्या जयंतीनिमित्त १८ जून २०२३ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले.